गंज आणि गंगाजळी

कापसासाठी ख्यात असलेल्या यवतमाळ जिल्ह्यातील राळेगाव तालुक्यात, हंगाम सरल्यावर वखराची पास मातीने माखलेल्या स्थितीतच गोठ्याच्या कोपऱ्यात टाकून दिली, तर ओलावा, हवेतील प्राणवायू आणि लोखंड यांच्या संयोगातून जो गंज उत्पन्न होतो, तो ॲल्युमिनियमवरील घट्ट ऑक्साइड-थराप्रमाणे धातूचे रक्षण न करता, सच्छिद्र व आकारमानाने मूळ लोखंडाहून मोठा असल्यामुळे, पोपडे धरून गळतो आणि खालचे लोखंड पुनः उघडे पाडतो. उलट, पास धुऊन, कोरडी पुसून तिच्यावर तेलाचा हात फिरविला, की पाण्याचा धातूशी संपर्कच तुटतो. चमचाभर तेलाची रक्कम जमाखर्चात दिसतही नाही. परंतु नवी पास घेण्याचा खर्च लांबणीवर पडतो, हीच रसायनशास्त्राने शेतकऱ्याच्या पदरात टाकलेली गंगाजळी होय.