‘आमच्या वेळी’ आणि आज : मधल्या वेळेचा हिशेब

घरातील ज्येष्ठांच्या बोलण्यात ‘आमच्या वेळी’ हे दोन शब्द हमखास येतात. ऐकणारी तरुण मंडळी ते कधी कौतुकाने, तर कधी थोड्याशा अधीरतेने ऐकून घेतात आणि विषय बदलतो. या तुलनेला केवळ स्मरणरंजन समजून बाजूला सारणे मात्र योग्य ठरणार नाही. ज्येष्ठांच्या बोलण्यात स्वस्ताई, शेजारधर्म आणि साधी राहणी यांचा उल्लेख असतो. परंतु बारकाईने ऐकल्यास त्यामागे आणखी एक निरीक्षण दडलेले आढळते. पूर्वी कोणतीही गोष्ट करण्याचे मनात येणे आणि ती प्रत्यक्ष घडणे, यांमध्ये काही काळ जात असे आणि त्या काळात चार माणसांचा संबंध येत असे. आज तो काळही उरलेला नाही आणि ती माणसेही नाहीत. पैशाच्या व्यवहारात हा बदल सर्वाधिक ठळकपणे दिसतो. त्याचा लाभ मोठा आहे, तसेच त्याचे मोलही द्यावे लागते. ते मोल अनेकदा ज्येष्ठांनाच मोजावे लागत असल्याने या बदलाचा नीट हिशेब मांडणे आवश्यक आहे.

आणे, शेर आणि पितळी टोकन

आज पंचाहत्तरी ओलांडलेल्या पिढीने बालपणी रुपया सोळा आण्यांचा आणि चौसष्ट पैशांचा पाहिला. १ एप्रिल १९५७ रोजी दशमान पद्धती आली आणि रुपयाचे शंभर ‘नवे पैसे’ झाले. १९६४ मध्ये त्यातील ‘नवे’ हा शब्द गळाला. पाठोपाठ वजनमापेही बदलली. शेर, मण, तोळा यांच्या जागी किलोग्रॅम आणि ग्रॅम रुळले. तरीही ‘चार आणे’, ‘आठ आणे’ हे शब्द बोलण्यात कित्येक दशके टिकून राहिले. पंचवीस पैशांचे नाणे ३० जून २०११ रोजी व्यवहारातून बाद झाले, तेव्हा त्या ‘चार आण्यां’चा शेवटचा आधारही संपला.

किराणा बहुधा वाण्याकडील उधारीच्या वहीवर येई आणि पगाराच्या दिवशी हिशेब चुकता होई. बँकेतून पैसे काढणे हे सकाळचे एक स्वतंत्र काम असे. खातेदार धनादेश किंवा पैसे काढण्याची चिठ्ठी खिडकीवर देई आणि त्याच्या हाती क्रमांक कोरलेले पितळी टोकन पडे. लिपिक जाडजूड खातेवहीत शिल्लक पाही, नोंद करी. अधिकारी नमुना स्वाक्षरीशी स्वाक्षरी ताडून पाही. नंतर ती चिठ्ठी रोखपालाकडे जाई आणि टोकनाचा क्रमांक पुकारला जाई. शंभर रुपये हाती येईपर्यंत तीन-चार जणांच्या नजरेखालून तो व्यवहार गेलेला असे. नवे खाते उघडण्यासाठीही जुन्या खातेदाराची ओळख लागे. कोण कोणास ओळखतो, यावर व्यवहाराचा विश्वास उभा होता.

पैसा आणि निरोप एकाच वेगाने

गावी पैसे पाठवण्याचा सर्वसामान्य मार्ग म्हणजे १८८० पासून चालत आलेली टपाल खात्याची मनीऑर्डर. मुंबईच्या गिरण्यांतून कोकणात, कोलकात्याच्या ताग गिरण्यांतून बिहार व पूर्व उत्तर प्रदेशात आणि मैदानी शहरांतून गढवाल-कुमाऊँच्या डोंगरांत अशा मनीऑर्डरींचा अखंड ओघ वाहत असे. ‘मनीऑर्डरवर चालणारी अर्थव्यवस्था’ हा शब्दप्रयोग अशाच प्रदेशांसाठी रूढ झाला. मनीऑर्डरच्या फॉर्मच्या तळाशी दोन ओळींचा निरोप लिहिण्यापुरती जागा असे. पोस्टमन दारी येई, पैसे मोजून देई, आवश्यक तेथे निरोप वाचूनही दाखवी. पैसे घेणाऱ्याची सही किंवा अंगठा असलेली पोचपावती पाठवणाऱ्याकडे परत जाई. या साऱ्यास काही दिवस लागत. पण पैसे योग्य हाती पोहोचल्याचा कागदी पुरावा आपोआप मिळे.

दूरध्वनीचेही तसेच. परगावी बोलण्यासाठी ट्रंक कॉल नोंदवून तासन् तास वाट पाहावी लागे. २५ नोव्हेंबर १९६० रोजी कानपूर आणि लखनौ यांच्यात देशातील पहिली थेट एसटीडी सेवा सुरू झाली. पण ती देशभर सामान्यांच्या हाती येण्यास आणखी दोन-तीन दशके गेली. घरी दूरध्वनी नसलेल्यांना निरोप शेजाऱ्यांच्या फोनवर येई. त्यामुळे घरातील आनंदाची वा संकटाची वार्ता सर्वांत आधी शेजाऱ्यांस कळे. यात खासगीपणा उरत नसे, हे खरे. मात्र कोणीही संकटात एकटे पडत नसे.

त्या काळाची दुसरी बाजू

याचा अर्थ ‘आमच्या वेळी’ सारे उत्तम होते, असा नव्हे. जून १९६९ मध्ये, म्हणजे १९ जुलै १९६९ रोजी चौदा मोठ्या बँकांचे राष्ट्रीयीकरण होण्यापूर्वी, संपूर्ण देशात व्यापारी बँकांच्या अवघ्या ८,२६२ शाखा होत्या. सुमारे पासष्ट हजार लोकसंख्येमागे एक शाखा, असे ते प्रमाण होते. टोकन घेऊन बसण्याचे भाग्यही मूठभरांच्याच वाट्याला येई. बाकीच्यांसाठी गावचा सावकार होता आणि त्याच्या व्याजाला मर्यादा नव्हती.

ज्या ओळखीवर विश्वास उभा होता, ती ओळख नसलेल्यांना बँकेचे दार बंदच असे. घरखर्च स्त्रियाच चालवीत. पण कागदोपत्री पैसा बहुधा पुरुषाच्या नावे असे. पतीच्या निधनानंतर कोणत्या बँकेत काय आहे, हे शोधण्यापासून अनेकींची सुरुवात होई. गॅसजोडणी, स्कूटर, दूरध्वनी या सर्वांसाठी प्रतीक्षायादी असे आणि ती वर्षानुवर्षे पुढे सरकत नसे. १९४१ ते १९५१ या दशकात भारतीयांचे सरासरी आयुर्मान सुमारे बत्तीस वर्षे होते. आज ते सत्तरच्या आसपास आहे. आजच्या वृद्धांच्या तारुण्यात घराघरांत इतके वृद्ध नव्हते, ही गोष्ट तुलना करताना सहसा विसरली जाते. २०११ च्या जनगणनेनुसार देशात साठ वर्षांवरील व्यक्तींची संख्या दहा कोटींहून अधिक होती. एवढ्या मोठ्या ज्येष्ठ वर्गाची आर्थिक सोय पाहणे हा समाजापुढचा तुलनेने नवा प्रश्न आहे.

वेगाने दिलेले स्वातंत्र्य

बदलाची गती गेल्या तीन दशकांत वाढली. ३१ जुलै १९९५ रोजी देशातील पहिला मोबाइल संवाद झाला. एटीएम आणि संगणकीकृत शाखा आल्या आणि खातेदार ‘शाखेचा’ न राहता ‘बँकेचा’ झाला. नोव्हेंबर २०१० मध्ये आयएमपीएस, तर २०१६ मध्ये यूपीआय सुरू झाले. डिसेंबर २०१९ पासून एनईएफटी आणि डिसेंबर २०२० पासून आरटीजीएस सेवा दिवसाचे चोवीस तास, सुटीच्या दिवशीही मिळू लागली. ऑगस्ट २०२५ या एका महिन्यात यूपीआयद्वारे झालेल्या व्यवहारांची संख्या दोन हजार कोटींच्या पुढे गेली. ऑगस्ट २०१४ मध्ये सुरू झालेल्या जनधन योजनेतील निम्म्याहून अधिक खाती स्त्रियांची आहेत.

या वेगाचा सर्वाधिक उपयोग खरे तर ज्येष्ठांनाच व्हावयास हवा. नोव्हेंबर महिन्यात हयातीचा दाखला देण्यासाठी रांगेत उभे राहणे ही निवृत्तांची जुनी व्यथा. नोव्हेंबर २०१४ मध्ये ‘जीवन प्रमाण’ ही डिजिटल सोय आली आणि २०२१ पासून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर चेहरा दाखवूनही हा दाखला देता येतो. गुडघेदुखीने घराबाहेर न पडू शकणाऱ्या व्यक्तीस वीजबिल, औषधे, नातवंडांना पाठवायची भेट हे सारे बसल्या जागी करता येते. कोणावर अवलंबून न राहता जगता येणे, हे वृद्धापकाळातील लहानसहान सुख नव्हे.

मधला वेळ गेल्याची किंमत

मात्र टोकन हातात घेऊन बसण्याचा तो अर्धा तास आणि पोस्टमनच्या येण्याजाण्याचे ते दिवस केवळ वाया जात नव्हते. त्या वेळेत चूक लक्षात येई, मन शांत होई, कोणी तरी ‘एवढे पैसे कशासाठी?’ असे विचारी. ती सुरक्षाव्यवस्था कोणी मुद्दाम आखलेली नव्हती. विलंबातून ती आपोआप निर्माण झाली होती. विलंब गेला, तशी तीही गेली.

फसवणूक करणाऱ्यांनी नेमके हेच ओळखले आहे. तथाकथित ‘डिजिटल अटक’ हे त्याचे सर्वांत क्रूर उदाहरण. पोलीस, सीबीआय किंवा सीमाशुल्क अधिकारी असल्याची बतावणी करून फोन येतो. आपल्या नावाच्या पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले, आपल्या खात्यातून काळा पैसा फिरला, असे सांगितले जाते. व्हिडिओ कॉल बंद करू नये, कोणाशीही बोलू नये, पैसे ‘तपासणीसाठी’ अमुक खात्यात ताबडतोब भरावेत, असे आदेश सुटतात. यातील प्रत्येक सूचनेचा हेतू एकच असतो : विचार करण्यास वेळ मिळू नये आणि विचारण्यास माणूस मिळू नये. सरकारी कागदाचा आणि गणवेशाचा मान राखण्याचे संस्कार ज्या पिढीवर झाले, ती पिढी या भीतीला लवकर बळी पडते. त्यात तिचे अज्ञान नसून तिच्या प्रामाणिकपणाचा गैरफायदा घेतला जातो. भारतीय कायद्यात ‘डिजिटल अटक’ असा प्रकारच नाही. पंतप्रधानांनीही २७ ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये या विषयावर बोलताना थांबणे, विचार करणे आणि मगच कृती करणे, असा क्रम सांगितला होता.

विराम पुन्हा कसा मिळवावा?

जुना काळ परत येणार नाही आणि तो यावा असेही नाही. मात्र त्यातील विराम प्रत्येकाला आपल्या व्यवहारात जाणीवपूर्वक ठेवता येतो.

ज्येष्ठ ग्राहकांनी दैनंदिन खर्चासाठी एक छोटे स्वतंत्र खाते ठेवावे व यूपीआय त्यालाच जोडावे. आयुष्यभराची पुंजी असलेले खाते मोबाइलपासून दूर राहू द्यावे. कार्डावरील व ऑनलाइन व्यवहारांची दैनिक मर्यादा गरजेपुरतीच ठेवावी. पैसे मिळण्यासाठी पिन कधीही लागत नाही. पिन टाकला की पैसे खात्यातून जातातच, हे पक्के लक्षात असावे. अनोळखी फोनवरून पैशाची मागणी झाल्यास फोन ठेवावा आणि घरातील किंवा शेजारील एका माणसाशी बोलल्याशिवाय काहीही करू नये. फसवणूक झालीच, तर संकोच न करता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर आणि आपल्या बँकेत तत्काळ कळवावे. पैसे पुढच्या खात्यांत सरकण्यापूर्वी ते गोठवता येण्याची शक्यता पहिल्या काही तासांतच सर्वाधिक असते.

कुटुंबीयांनी आई-वडिलांचा मोबाइल हाती घेऊन त्यांचे व्यवहार परस्पर उरकण्यापेक्षा त्यांच्या शेजारी बसून ते शिकवावेत. पिन दुसऱ्याच्या हाती गेला की सोय होते, पण स्वातंत्र्य जाते. खाते संयुक्त नावाने असावे आणि नामनिर्देशन पूर्ण असावे. १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यांसाठी चार व्यक्तींपर्यंत नामनिर्देशन करता येते. पूर्वी पतीच्या माघारी कागद शोधत बसण्याची वेळ ज्यांच्यावर आली, त्यांना या एका फॉर्मचे महत्त्व सांगावे लागणार नाही.

शाखेतील कर्मचाऱ्यांची जबाबदारी सर्वांत नाजूक आहे. फसवणुकीच्या अनेक घटनांत घाबरलेला ज्येष्ठ ग्राहक स्वतः शाखेत येऊन मुदत ठेव मोडतो आणि सारी रक्कम अनोळखी खात्यात पाठवण्यास सांगतो. नियमानुसार त्याची सही जुळते, अर्ज बिनचूक असतो. अशा वेळी खुर्ची पुढे करणे, पाणी विचारणे आणि ‘काका, घरी सारे ठीक आहे ना?’ एवढे आपुलकीने विचारणे, हे कोणत्याही संगणकप्रणालीला न जमणारे काम आहे. सत्तरीवरील ग्राहकांना मूलभूत सेवा घरपोच देण्याविषयी रिझर्व्ह बँकेने नोव्हेंबर २०१७ मध्ये बँकांना सूचना दिल्या आहेत; त्यांची माहितीही अशा ग्राहकांपर्यंत आवर्जून पोहोचली पाहिजे.

‘आमच्या वेळी’ असे म्हणणाऱ्या पिढीने आण्यांपासून यूपीआयपर्यंतचा सारा प्रवास स्वतः केला आहे. इतके बदल पचवलेल्या माणसांना नवे शिकता येत नाही, असे मानणे हा त्यांच्यावर अन्याय होईल. त्यांच्याकडून तरुणांनी शिकण्यासारखी गोष्टही हीच आहे की, पैसा क्षणात पाठवता आला तरी तो पाठवण्याचा निर्णय क्षणात घेण्याचे बंधन कोणावरही नाही. पुढच्या वेळी घरात ‘आमच्या वेळी’ हे शब्द ऐकू आले, तर विषय बदलण्याऐवजी पाच मिनिटे बसावे आणि त्याच बैठकीत नामनिर्देशनाचा फॉर्म, व्यवहारमर्यादा आणि १९३० हा क्रमांक यांचीही चर्चा उरकून घ्यावी.