विश्लेषण : ‘थंडरबर्ड्स’च्या बाहुल्या आणि फाळक्यांच्या आगकाड्या, एकाच युक्तीची दोन टोके

माणसे खाणीत, जळत्या इमारतीत किंवा समुद्राच्या तळाशी अडकतात आणि एका गुप्त बेटावरून अवाढव्य याने त्यांना सोडवायला झेपावतात. ३० सप्टेंबर १९६५ रोजी ब्रिटनमध्ये सुरू झालेल्या ‘थंडरबर्ड्स’ या विज्ञान-साहसमालिकेची ही कथा. हातांचे काही क्लोज-अप सोडले, तर तिच्यातले सगळे नट कळसूत्री बाहुल्या होत्या. संगणकाशिवाय हे जमले कसे? उत्तराचे एक टोक नाशिकमध्ये सापडते.

कल्पना कुठून आली?

१९६३ मध्ये जर्मनीतील लेंगेडे येथे लोखंडाच्या खाणीत पाणी शिरले. अखेरचे ११ कामगार १४ दिवसांनी जिवंत बाहेर आले. खोदकामाची जड यंत्रे तिथवर पोहोचवण्यातच वेळ जात होता. यावरून निर्माते गेरी अँडरसन यांना मदतीची यंत्रे क्षणात नेणारी संघटना सुचली. म्हणून इथले नायक शत्रूला मारत नाहीत, अडकलेल्यांना सोडवतात. आपल्याकडे १९८९ मध्ये राणीगंजच्या खाणीतून ६५ कामगारांना पोलादी कॅप्सूलमधून वर काढले गेले, तो प्रसंग या मालिकेत सहज शोभला असता.

बाहुल्या चालत का नव्हत्या?

कारण चालताना त्या बाहुल्याच दिसत. जेमतेम दोन फुटांची बाहुली, बारीक तारांवर लटकलेली. पाऊल टाकले की डुलायची. ओठ मात्र चोख हलत. डोक्यात बसवलेला विद्युतचुंबक ध्वनिमुद्रित आवाजाच्या तालावर ओठ उघडत-मिटत असे. चालणे टाळायचे म्हणून पात्रांना यानात बसवले गेले आणि खरे नायकपद यंत्रांकडे गेले.

ती यंत्रेही लहान मॉडेलच. खेळण्यातले विमान उंचावरून सोडले, तर क्षणात जमिनीवर आपटते आणि खेळणेच वाटते. म्हणून स्पेशल इफेक्ट्सचे प्रमुख डेरेक मेडिंग्ज सेकंदाला १२० फ्रेमपर्यंत वेगाने चित्रण करत. तेच नेहमीच्या २४-२५ फ्रेमच्या वेगाने दाखवले की हालचाल सुमारे पाचपट संथ होते आणि हातभर मॉडेल शेकडो टनांचे भासते. पाण्याने मात्र दाद दिली नाही. जहाज लहान करता येते, थेंब नाही.

नाशिकशी नाते काय?

दादासाहेब फाळके हीच युक्ती उलट्या बाजूने वापरत होते. १९१२ मध्ये भांडवल मिळवण्यासाठी त्यांनी वाटाण्याच्या रोपाची वाढ एकेक फ्रेम टिपून दाखवली. दिवसांची वाढ पडद्यावर काही क्षणांत उरकली. ‘राजा हरिश्चंद्र’नंतर, १९१३ मध्ये, त्यांनी बिऱ्हाड आणि कंपनी नाशिकला हलवली. ‘आगकाड्यांची मौज’ या लघुपटात त्यांनी काड्या किंचित सरकवत एकेक फ्रेम घेतली आणि निर्जीव काड्या पडद्यावर नाचू लागल्या. तिथे दोऱ्याही नव्हत्या.

फाळक्यांनी काळ आखडला, मेडिंग्ज यांनी ताणला. आज मोबाइलच्या कॅमेऱ्यात ‘टाइम-लॅप्स’ आणि ‘स्लो-मोशन’ शेजारी-शेजारी असतात. दुसऱ्यात बहुतेक वेळा १२० चा पर्यायही असतो. टेबलावरून खेळण्यातला ट्रक वाळूत पाडा आणि दोन्ही वेगांनी पाहा.