पिसं गळतायत, पण ती बुरशीच आहे का?

आज बोलूया पक्ष्यांच्या कातडीला आणि पिसांना होणाऱ्या बुरशीबद्दल. पक्ष्याची पिसं गळाली, कातडीवर पांढरं दिसलं, की घरातली नायट्याची ट्यूब बाहेर निघते. ती आधी खाली ठेवा.

खरी बुरशी पाहायची तर कोंबड्याचा तुरा बघा. मायक्रोस्पोरम गॅलिनी नावाच्या बुरशीमुळे फेव्हस हा रोग होतो. सुरुवातीला तुऱ्यावर पीठ भुरभुरल्यासारखे पांढरे ठिपके, मग ते एकमेकांत मिसळून सुरकुतलेली जाड खपली. रोग सौम्य असेल तर पुष्कळदा आपोआप जातो. पण तो पिसांच्या भागात उतरला, तर पिसं झडतात आणि त्यांच्या मुळाशी वाटीसारख्या खपल्या धरतात. क्वचित माणसालाही लागतो. तेव्हा पक्षी वेगळा ठेवा, हात साबणाने धुवा.

पिंजऱ्यातल्या पक्ष्यांत मात्र बुरशी हे कारण कमीच निघतं. बजीच्या चोचीच्या बुडाशी मधाच्या पोळ्यासारखा, छिद्राछिद्रांचा पांढरा थर आला, तर ती बहुधा खरूज. ती सूक्ष्म किड्यांमुळे होते. कोंबडीच्या पायावरचे खवले उचलले गेले तरी पहिला संशय त्यांचाच. पक्षी स्वतःच पिसं उपटत असेल, तर छाती उघडी पडते आणि डोकं शाबूत राहतं, कारण तिथं त्याची चोच पोचतच नाही! डोक्यावरचीही गेली, तर किडे, विषाणू किंवा टोचणारा सोबती यांचा विचार करायचा.

आता ती ट्यूब. दुकानात सहज मिळणाऱ्या नायट्याच्या अनेक मलमांत स्टिरॉइड असतं. पक्ष्यांना ते सोसत नाही. कातडीतून मुरतं, शिवाय चोचीने पिसं साफ करताना पोटात जातं. प्रतिकारशक्ती घसरते आणि ॲस्परजिलस बुरशीला फुप्फुसांत शिरायला वाव मिळतो. वरची नसलेली बुरशी मारायला जाऊन आतली बोलवायची, हा कुठला शहाणपणा? फौजेत आम्ही आधी समोर कोण आहे ते ओळखायचो. मलमाने आणि खोबरेलानेही पिसं चिकटतात, ऊब टिकत नाही. लहान पक्षी गारठूनही मरतो.

पशुवैद्य कातडी खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघतात. किडे असतील तर तिथंच सापडू शकतात. बुरशीचं कल्चर मात्र २ ते ४ आठवडे घेतं. देशी पोपट पाळणं १९७२च्या वन्यजीव कायद्याने बंद आहे, म्हणून काहीजण दवाखान्यात जायला कचरतात. भोगतो तो पोपट. जाताना गळालेली पिसं कागदी पाकिटात न्या. प्लास्टिकमध्ये ओल धरते.