'अलाबामा'च्या आरंभीच्या ध्वनिमुद्रिका

अमेरिकेच्या दक्षिण भागातील शेतकरी, मजूर आणि डोंगरातील वस्त्या यांच्या जीवनातून जे संगीत वाढले, त्याला 'कंट्री' संगीत म्हणतात. फिडल, गिटार व बँजो ही त्याची वाद्ये. घर, शेत, प्रेम आणि देव हे त्याचे नेहमीचे विषय. टेनेसी राज्यातील नॅशव्हिल शहर ही या संगीताची पेठ. तेथील जुना रिवाज असा, की तबकडीवर नाव गायकाचे आणि मागे वाजविणारे पगारी. स्वतःच गाणी लिहिणारा, गाणारा व वाजविणारा वाद्यवृंद लोकप्रिय होईल, यावर तेथील व्यावसायिकांचा फारसा विश्वास नव्हता. तो विश्वास निर्माण करण्याचे मोठे श्रेय 'अलाबामा' या वाद्यवृंदाकडे जाते.

'माय होम्स इन अलाबामा' ही १९८० सालची आर.सी.ए. कंपनीची ध्वनिमुद्रिका त्यांची पहिली म्हणून सांगितली जाते. तीतील 'टेनेसी रिव्हर' हे गाणे कंट्री गीतांच्या यादीत पहिल्या क्रमांकावर गेले. वरवर पाहता हे यश एका रात्रीत लाभल्यासारखे वाटते. परंतु त्यापूर्वीच त्यांच्या तीन ध्वनिमुद्रिका निघाल्या होत्या : 'वाइल्ड कंट्री' (१९७६), 'ड्यूसेस वाइल्ड' (१९७७) आणि 'अलाबामा बँड नंबर थ्री' (१९७९). या तिन्ही त्यांनी स्वतःच काढल्या आणि कार्यक्रमाला येणाऱ्या श्रोत्यांना विकल्या.

रँडी ओवेन, टेडी जेन्ट्री आणि जेफ कुक हे तिघे नात्यातले, अलाबामा राज्यातील फोर्ट पेन गावच्या परिसरातले. ओवेन व जेन्ट्री कापसाच्या शेतीवर वाढले. ओवेनने इंग्रजी विषय घेऊन पदवी मिळविली. १९७३ च्या सुमारास तिघे साउथ कॅरोलिना राज्यातील मर्टल बीच या समुद्रकाठच्या गावी गेले आणि 'द बोअरी' नावाच्या बारमध्ये वाजवू लागले. श्रोते जी बक्षिशी देतील, तिच्यावर गुजराण होई. असे अनेक उन्हाळे गेले. सुट्टीवर आलेल्या माणसांच्या फर्माइशी नाना तऱ्हेच्या. जुनी कंट्री गीते हवीत, तसेच रॉकही हवे. बक्षिशीवर जगणाऱ्याला नाही म्हणणे परवडत नाही. तीन स्वरांचे एकत्रित गायन, फिडलच्या जोडीला विजेची गिटार आणि रॉकचा ठेका हे त्यांचे पुढील काळातील वैशिष्ट्य अशा रोजच्या कसोटीतून पक्के झाले.

मध्यंतरी निराशाही वाट्याला आली. १९७७ साली जी.आर.टी. कंपनीने त्यांचे एक गाणे बाजारात आणले. ते यादीच्या तळाशीच राहिले आणि पुढे कंपनीही बुडाली. मग एका छोट्या कंपनीने काढलेले 'माय होम्स इन अलाबामा' हे गाणे १९८० च्या आरंभी गाजले. त्यानंतर आर.सी.ए.ने करार केला आणि तेच गाणे त्या ध्वनिमुद्रिकेचे शीर्षकगीत झाले. म्हणजे मोठ्या कंपनीने जे विकत घेतले, ते बरेचसे आधीच तयार झालेले होते.

पुढे 'फील्स सो राइट' (१९८१) आणि 'माउंटन म्यूझिक' (१९८२) यांनी कळस गाठला. कंट्री म्यूझिक असोसिएशनचा वर्षातील सर्वश्रेष्ठ कलावंताचा मान त्यांना १९८२ ते १९८४ अशी सलग तीन वर्षे मिळाला. २००५ साली कंट्री संगीताच्या 'हॉल ऑफ फेम'मध्ये त्यांचा समावेश झाला. जेफ कुक २०२२ साली निवर्तला.

सहा मिनिटांहून लांब असलेले ते शीर्षकगीत ऐकताना घरापासून दूर, अनोळखी माणसांसमोर घालविलेली ही वर्षे ध्यानात ठेवावीत. गाण्यातील घराची ओढ मग केवळ कंट्री गीतांचा एक ठरीव विषय राहत नाही.