शेरे गेले कोठे?

ट्रस्टच्या अभ्यासवर्गात मुलांचा गृहपाठ संगणकावर तपासला जातो, हे सभासद बंधुभगिनींस ठाऊक आहेच. सुट्टीत आम्ही हा सारा कारभार जुन्या संगणकावरून नव्यावर हलविला आणि शिक्षकांनी वर्षभर लिहिलेले शेरे एकाएकी दिसेनासे झाले. परीक्षा तोंडावर, पालक विचारू लागले. त्या घोटाळ्याचे मूळ सर्वांस समजावे, एवढ्याचसाठी हा लेख.

आपण वापरतो ती प्रणाली ‘मूडल’. ऑस्ट्रेलियातील मार्टिन डूगियामास यांनी ती रचली. तिची पहिली आवृत्ती २००२ साली निघाली. ती विनामूल्य असून पवईच्या आय. आय. टी.तही वापरली जाते. तिची रचना सुरतकरांस सहज उमगेल. खाली माग, मागावर जॅकार्ड आणि जॅकार्डला नक्षीचे डिझाइन. मूडल हा माग. गृहपाठ घेणारा ‘असाइनमेंट’ हा त्यावरचा जोडभाग, म्हणजे प्लगइन. आणि शेरे दाखविणारा भाग हा त्या जोडभागाचाही पोटभाग. जॅकार्डच बसला नसेल तर डिझाइन कितीही चांगले असले तरी कापडावर उमटावयाचे नाही.

हे भाग मूळ प्रणालीत कायमचे शिवलेले नसतात. काम चालू असताना प्रणाली ठरलेल्या फोल्डरात जाते, ठरलेल्या नावाचा भाग शोधते व कामास लावते. पोटभागांचे फोल्डर कोठे आहे, हे मात्र जोडभागच सांगतो. म्हणून एका पायरीवर चूक झाली की तिच्यापुढचे सारे अडते; आणि तक्रार बहुधा शेवटच्या पायरीवर दिसते.

आमचे नेमके असेच झाले. शेऱ्यांचा पोटभाग बाहेरून आणलेला होता. त्याची झिप उघडताना फोल्डराच्या नावास एक शेपूट जोडले गेले. नाव जुळेना, म्हणून ‘हा भाग डिस्कवर नाही’ असा शेरा प्रणालीनेच मारला! शेजारीच तो भाग काढून टाकण्याची सोय होती. ती वापरली असती तर त्या भागाबरोबर डेटाबेसमधील त्याची माहितीही, म्हणजे मुलांचे सारे शेरे, कायमचे पुसले गेले असते. आमचा हात तेथवर गेला होता, हे कबूल केले पाहिजे.

तेव्हा अशा प्रसंगी क्रम असा ठेवावा. प्रथम फाइली व डेटाबेस या दोहोंची प्रत काढून ठेवावी. मग प्रणालीस दोषांचा तपशील दाखवावयास सांगून पहिली तक्रार वाचावी, शेवटची नव्हे. तपासणी पायापासून करावी: मूळ प्रणाली, मग जोडभाग, मग पोटभाग. प्रत्येकाची आवृत्ती एकमेकांशी जुळते काय, फोल्डराचे नाव व जागा बरोबर आहे काय, हे पाहावे. प्रणाली सापडलेल्या भागांची यादी जवळ जपून ठेवते. म्हणून दुरुस्तीनंतर ती जुनी यादी, म्हणजे कॅशे, साफ करावी. एका वेळी एकच बदल करावा. नाहीतर गुण कशाने आला ते कळत नाही.

आम्ही फोल्डराचे नाव सुधारले, कॅशे साफ केली आणि सारे शेरे जागच्या जागी उभे राहिले. ते हरवले नव्हतेच; त्यांच्यापर्यंतची वाट तेवढी चुकली होती. जे दिसत नाही ते नाहीच, असे ठरविण्याची घाई करू नये, हा धडा मुलांआधी आम्ही शिक्षकांनीच घेतला.