‘दोनच पेग’ आणि कोर्टाची तारीख

‘‘पकडलं तर काय, दहा हजार भरायचे आणि घरी!’’ आमच्या ग्रुपमधल्या प्रत्येक वीकएन्ड पार्टीत हे वाक्य एकदा तरी कानावर पडतंच. ड्रंकन ड्रायव्हिंग म्हणजे सिग्नल तोडल्यासारखी एक पावती, असा बऱ्याच जणांचा समज. शेवटी मी एका वकील मैत्रिणीला गाठलं आणि दोघी मोटार वाहन कायदा उघडून बसलो. बॉस, प्रकरण पावतीचं नाहीच!

लिमिट किती?
कलम १८५ नुसार १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल सापडलं की गुन्हा. कायदा केंद्राचा आहे, त्यामुळे मुंबई-पुण्यात जे लिमिट, तेच गोव्यात. ‘तिकडे सगळं चालतं’ हे डोक्यातून काढा. मग किती पेग चालतात? याचं ठरावीक उत्तर नाही. तुमचं वजन, पोटातलं जेवण, पिण्याचा वेग, सगळ्यावर ते अवलंबून. आणि ब्लॅक कॉफी किंवा लिंबूपाण्यानं रक्तातलं अल्कोहोल कमी होत नाही. त्याला वेळच जावा लागतो.

पावती नाही, कोर्ट
२०१९ च्या दुरुस्तीनंतर पहिल्या गुन्ह्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा १० हजार रुपये दंड किंवा दोन्ही. पुन्हा सापडलात तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा १५ हजार रुपये दंड किंवा दोन्ही. रस्त्यावर दंड भरून हे मिटत नाही, कोर्टात उभं राहावंच लागतं. दोषी ठरलात तर लायसन्स किमान सहा महिने बाद. ‘गुन्हा कबूल’ म्हणून नुसता दंड भरलात तरी ती शिक्षाच. उद्या नोकरीच्या किंवा व्हिसाच्या फॉर्मवर ‘शिक्षा झाली आहे का?’ या रकान्यात काय लिहाल?

पकडलं गेलात तर...
हुज्जत नको, पळ काढणं तर नकोच. फुंकायला नकार दिलात आणि पोलिसांना संशय आला, तर वॉरंटशिवाय अटक होऊ शकते. सबळ कारण नसताना टेस्ट नाकारली, तर ते कोर्टात तुमच्याच विरोधात जातं. पण हक्कही आहेत. अटकेचं कारण विचारा, घरी कळवायला सांगा, वकिलाला फोन करा. अटकेनंतर दोन तासांत डॉक्टरी तपासणी व्हायला हवी, नाही तर सोडावं लागतं. गुन्हा जामीनपात्र आहे. तपासणीचे सगळे कागद जपून ठेवा, कारण खटला त्यांच्यावरच उभा राहतो. नुसता तोंडाला वास आला, चाल अडखळली, एवढ्यावरून दारू प्यायल्याचं सिद्ध होत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं १९७१ मध्येच म्हटलंय.

‘‘म्हणजे सुटायला वाव आहे की!’’ मी म्हटलं. मैत्रीण हसली नाही. ‘‘हे सगळं कुणी मेलं नाही तोपर्यंत,’’ ती म्हणाली.

खरंच आहे. नोव्हेंबर २००६ मध्ये वांद्र्याच्या कार्टर रोडवर फूटपाथवर झोपलेले सात मजूर कारखाली गेले. ड्रायव्हर प्यायलेला होता. सदोष मनुष्यवधासाठी त्याला झालेली तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयानं २०१२ मध्ये कायम केली. भारतीय न्याय संहितेतही या गुन्ह्याला दहा वर्षांपर्यंत, काही प्रकरणांत जन्मठेपही होऊ शकते. मे २०२४ मध्ये पुण्याच्या कल्याणीनगरला पोर्शेच्या धडकेत बाइकवरचे दोन इंजिनिअर गेले. दोघंही २४ वर्षांचे. शनिवारी रात्री बाहेर पडलेले, तुमच्या-आमच्यासारखेच. तिथे तर रक्ताचे नमुने बदलल्याच्या आरोपावरून डॉक्टरांनाही अटक झाली.

तेव्हा येत्या शनिवारी एक करा. पहिली ऑर्डर द्यायच्या आधीच परतीचं ठरवा. कॅब सांगा, नाही तर न पिणाऱ्याच्या हाती किल्ली द्या. दोन पेगनंतर ‘मी एकदम ओके आहे’ असं प्रत्येकालाच वाटतं.