कार्यवाहक राष्ट्रपती बसप्पा दानप्पा जत्ती : अधिकार आणि मर्यादा

आपल्या सीमाभागाशी निकटचे नाते असलेल्या एका राष्ट्रप्रमुखाचे चरित्र येथे थोडक्यात मांडतो.

बसप्पा दानप्पा जत्ती यांचा जन्म १० सप्टेंबर १९१२ रोजी जमखंडी संस्थानातील सावळगी येथे झाला. कन्नड मुलखातील हे संस्थान पटवर्धनांचे. साहजिकच दोन्ही भाषांचे संस्कार त्यांच्यावर झाले. कोल्हापूरच्या राजाराम महाविद्यालयात पदवी आणि कोल्हापुरातच कायद्याचे शिक्षण घेऊन ते जमखंडीस वकिली करू लागले. संस्थानी प्रजेचा लढा दुहेरी होता. परकीय सत्ता तर जावयाची होतीच. शिवाय राजाकडून जबाबदार राज्यपद्धतीही मिळवावयाची होती. प्रजापरिषदेच्या या चळवळीतून जत्ती पुढे आले आणि संस्थानचे मुख्यमंत्री झाले. ८ मार्च १९४८ रोजी जमखंडी मुंबई प्रांतात विलीन झाली. आपल्या निजामी मुलखाला मात्र त्यासाठी १७ सप्टेंबरपर्यंत थांबावे लागले.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी मुंबई राज्यातील विजापूर आणि हैदराबाद राज्यातील बीदर-गुलबर्गा हे जिल्हे एकाच वेळी म्हैसूर राज्यात आले. १९५८ ते १९६२ या काळात जत्ती त्या राज्याचे, म्हणजे आपलेही, मुख्यमंत्री होते. त्यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या कार्यातूनच १९६१चा जमीनसुधारणा कायदा आकारास आला.

१९७४ साली ते उपराष्ट्रपती झाले. ११ फेब्रुवारी १९७७ रोजी राष्ट्रपती फक्रुद्दीन अली अहमद यांचे निधन झाले आणि घटनेनुसार राष्ट्रपतिपदाची कार्ये जत्तींकडे आली. मार्चमध्ये आणीबाणी उठली. मोरारजी देसाई यांना पंतप्रधानपदाची शपथ जत्तींनीच दिली. मुंबई राज्यात याच मोरारजींच्या मंत्रिमंडळात ते उपमंत्री होते!

खरी कसोटी एप्रिलअखेर आली. लोकसभेत काँग्रेसचा पराभव झाल्यावर नऊ राज्यांच्या विधानसभा विसर्जित कराव्यात, असा सल्ला नव्या मंत्रिमंडळाने दिला. सर्वोच्च न्यायालयाने राज्यांचे दावे फेटाळले होते. तरीही जत्तींनी तत्काळ स्वाक्षरी केली नाही. पूर्वपक्षाशी निष्ठा म्हणून हा विलंब झाला, अशी टीका झाली. लोकनियुक्त सभागृहे मोडताना क्षणभर थांबणे कर्तव्यच होते, असेही म्हणता येईल. मात्र १९७६च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने मंत्रिमंडळाचा सल्ला स्पष्टपणे बंधनकारक केला होता. ३० एप्रिलला त्यांनी स्वाक्षरी केली. पुढे १९७८च्या चव्वेचाळिसाव्या दुरुस्तीने सल्ला एकदा फेरविचारार्थ परत पाठविण्याचा अधिकार राष्ट्रपतींना मिळाला. थांबून विचार करण्यास घटनेतच जागा झाली.

२५ जुलै १९७७ रोजी नीलम संजीव रेड्डी यांनी शपथ घेतली आणि जत्ती पुन्हा उपराष्ट्रपतिपदाच्या कामास लागले. ७ जून २००२ रोजी त्यांचे निधन झाले. १९६४ साली बसव समिती स्थापन करणाऱ्या या गृहस्थांना बसवेश्वरांचा 'कायक'विचार प्रिय होता. नेमून आलेले काम हीच पूजा, असा तो विचार. ज्या बसवकल्याणात तो रुजला, ते आपल्या बीदर जिल्ह्यातच आहे.

या शाळेच्या अनेक माजी विद्यार्थ्यांच्या हाती आज स्वाक्षरीचा अधिकार आहे. कागद वाचावा, शंका असल्यास थांबावे, आणि आपल्या अधिकाराची सीमा कोठे संपते तेही ओळखावे, एवढे या चरित्रातून घेता आले तरी पुष्कळ झाले.